व्हायरल तापावर अँटिबायोटिक? एक खुलासा

पावसाळा लागला की ठाण्यात, घोडबंदर रोडपासून कळव्यापर्यंत, मुलांच्या दवाखान्यांबाहेर ओल्या छत्र्यांची रांग लागते. त्या रांगेत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "डॉक्टरांनी वेळेवर अँटिबायोटिक दिलं असतं, तर बाळाला ॲडमिट करावं लागलं नसतं."

हे खरं नाही. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, विषाणूला त्याचा धक्काही लागत नाही. तान्ह्या बाळांना हॉस्पिटलात पोहोचवणारा नेहमीचा विषाणू म्हणजे आरएसव्ही, १९५६ साली सापडलेला. दोन वर्षांची होईपर्यंत जवळपास सगळ्याच मुलांना तो एकदा गाठतो. आपल्याला त्याची नुसती सर्दी होते. बाळाच्या श्वासनलिका मुळातच बारीक, त्या सुजतात, चिकट स्रावाने भरतात. मग खाट लागते ती ऑक्सिजनसाठी, दूध जात नसेल तर सलाइनसाठी. उगाच दिलेल्या अँटिबायोटिकने जुलाब मात्र होतात. (जिवाणूंचा संसर्ग जोडीला असेल तर ते लागतं, पण ते डॉक्टर तपासून ठरवतील. घरातली उरलेली बाटली काढू नका, कळकळीने सांगते.)

त्यापेक्षा बाळ शांत असताना झबलं वर करा आणि पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडला, दूध ओढेनासं झालं किंवा ओठ निळसर दिसले, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठा.