बसकी गाडी आणि १७० मिलिमीटरची रेघ

लक्झरी सेडान आता कोणी घेत नाही, असं मुंबईत सर्रास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. मर्सिडीजची लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, ई-क्लास २०१७ मध्ये भारतात आली आणि पुढची अनेक वर्षं देशातली सर्वाधिक खपाची लक्झरी गाडी तीच होती. नरिमन पॉइंटपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत कोणत्याही ऑफिसच्या पोर्चमध्ये ती दिसते. चालक पुढे, साहेब मागे, पाय ऐसपैस पसरलेले. २०२४ च्या जुलैमध्ये बीएमडब्ल्यूची ५ सीरिजही इथे लांब रूपातच आली. मागच्या सीटची सेडान व्यवस्थित तग धरून आहे. अडचणीत आहे ती पुढच्या सीटची सेडान, म्हणजे मालक स्वतः स्टिअरिंग हातात घेतो ती स्पोर्ट्‌स सेडान. दोघींचा आकार सारखा दिसतो म्हणून आकडे एकाच खान्यात मोजले जातात, आणि चर्चा तिथेच फसते.

या जातीचा परदेशी इतिहास थोडक्यात आटोपतो. १९५९ ची जग्वार मार्क २ आणि ऐंशीच्या दशकातली पहिली बीएमडब्ल्यू एम५ या गाड्यांनी चार दारं, डिकी आणि वेग यांची सांगड घातली. त्या काळात कुर्ल्यात प्रीमियर पद्मिनी तयार होत होती आणि १९८४ ची कॉन्टेसा हीच इथली मोठी गाडी होती. खुलं धोरण आल्यावर १९९५ मध्ये पुण्याजवळ मर्सिडीजची जुळणी सुरू झाली. २००७ मध्ये चेन्नईत बीएमडब्ल्यू आणि तेव्हाच्या औरंगाबादेत ऑडी जोडली जाऊ लागली. त्या वेळी लक्झरी गाडी म्हटलं की सेडानच डोळ्यांसमोर यायची.

मुंबईच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं वर्ष २००८. शहरात मुख्यालय असलेल्या टाटा समूहाने २.३ अब्ज डॉलर मोजून जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. २००९ मध्ये वरळीत शोरूम उघडलं, आणि त्याच वर्षी ३० जूनला वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला. २०१३ पासून जग्वार एक्सएफ पुण्यात जोडली जाऊ लागली. स्पोर्ट्‌स सेडान हीच ज्या नावाची ओळख, ते नाव मुंबईचं झालं होतं. इथल्या गाडीप्रेमींना त्याचा जो अभिमान वाटला, तो खोटा नव्हता.

त्याच २०१३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एसयूव्हीवरचं उत्पादन शुल्क २७ वरून ३० टक्के झालं. या निर्णयाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण पुढची बारा वर्षं सगळा वाद याच भोवती फिरला. जास्त कर लावायचा, तर एसयूव्ही म्हणजे काय हे आधी ठरवावं लागतं. ठरलं ते असं: लांबी ४,००० मिलिमीटरच्या वर, इंजिन १,५०० सीसीच्या वर, आणि जमिनीपासूनची उंची, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, १७० मिलिमीटर किंवा अधिक. लांबी आणि इंजिन या अटी तर मोठ्या सेडानही पूर्ण करतात. तेव्हा सेडान कोणती आणि एसयूव्ही कोणती, याचा फैसला पोटाखालच्या १७० मिलिमीटरवर येऊन थांबला. खराब रस्त्यांसाठी मुद्दाम उंच केलेल्या काही सेडानही या व्याख्येत अडकतात की काय, असा गोंधळ तेव्हा उडाला होता.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्याच सप्टेंबरमध्ये उपकर वाढला. २८ टक्के कर सगळ्यांना सारखा. त्यावर मोठ्या सेडानला २० टक्के आणि एसयूव्हीला २२ टक्के उपकर. एकूण ४८ आणि ५०. कागदावर सेडानला सवलत मिळाली. पण करापूर्वी ५० लाखांची गाडी धरली, तर एकीवर कर २४ लाख आणि दुसरीवर २५ लाख. सत्तर-पंचाहत्तर लाखांची गाडी घेणारा माणूस एका लाखाकडे पाहून बसकी गाडी निवडेल, ही अपेक्षाच चुकीची होती. दंड करायचा होता तर तो जाणवेल एवढा हवा होता, आणि प्रोत्साहन द्यायचं होतं तर तेही.

व्याख्येचा गुंता मात्र वाढतच गेला. कराच्या कोष्टकात एक शब्दप्रयोग होता: 'एसयूव्ही म्हणून लोकांत ओळखली जाणारी' गाडी. कराची आकारणी लोक गाडीला काय म्हणतात यावर! डिसेंबर २०२२ मध्ये खुलासा झाला की लोकांतली ओळख, लांबी, इंजिन आणि उंची या चारही अटी एकत्र पूर्ण झाल्या तरच २२ टक्के. त्यावर प्रश्न आला, की स्वतःला एमपीव्ही (जास्त माणसांची कौटुंबिक गाडी) किंवा क्रॉसओव्हर (एसयूव्हीसारखी दिसणारी कार) म्हणवणाऱ्या गाड्यांचं काय? जुलै २०२३ मध्ये कर ठरवणाऱ्या परिषदेने ओळखीची अट काढली आणि नाव काहीही असो, मोजमापात बसणारं प्रत्येक युटिलिटी वाहन, म्हणजे एसयूव्ही, एमपीव्ही वगैरे, २२ टक्क्यांत घातलं. शिवाय उंची रिकाम्या गाडीची मोजायची असंही ठरलं. माणसं आणि सामान भरलं की स्प्रिंग दबतात, गाडी खाली बसते आणि १७० चा आकडा टळतो. ती वाट बंद झाली. याच बैठकीत दोन राज्यांच्या आग्रहावरून सेडान या यादीबाहेर राहिल्या.

एवढं सगळं करून जपलेला तो दोन टक्क्यांचा फरक २२ सप्टेंबर २०२५ ला संपला. उपकर गेला, आणि मोठ्या गाड्यांना, बसकी असो वा उंच, सरसकट ४० टक्के कर लागू झाला. ५० लाखांच्या त्याच हिशेबात सेडानचे चार लाख वाचले, एसयूव्हीचे पाच. बातम्यांत कपातीचं कौतुक झालं आणि ते योग्यही होतं. पण सापेक्ष लाभ एसयूव्हीला जास्त मिळाला, हे फारसं कोणी बोललं नाही. सेडान हलकी असते, हवा कमी अडवते, त्यामुळे तेवढ्याच इंजिनावर इंधनही कमी पिते. या गुणांची दखल करात कुठेतरी घेतली जायला हवी होती, असं मला वाटतं.

राज्याचा वाटा वेगळा. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर १३ टक्के, डिझेलला १५, आणि कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. लक्झरी गाड्या घसाऱ्यासाठी बऱ्याचदा कंपनीच्याच नावावर निघतात. म्हणून ७० लाखांच्या गाडीवर नऊ लाखांऐवजी चौदा लाख भरावे लागतात. या कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून वीसवरून तीस लाख झाली. मुंबईच्या रस्त्यांवर पुदुच्चेरीच्या नंबरप्लेट का दिसत आल्या, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

कर एक बाजू, रस्ता दुसरी. रस्त्यांच्या मानकांनुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, हलक्या चढ-उताराचा असावा. उपनगरातल्या सोसायट्यांसमोर जे उभे असतात ते अरुंद आणि ताठ. अशा उंचवट्यावर बसकी गाडी पोटावर टेकते. लांब व्हीलबेस असेल तर आणखी लवकर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तेव्हापासून मुंबईकर गाडी घेताना पाण्याचाही विचार करतो. उंच गाडीचं आकर्षण नुसतं दिखाव्याचं आहे असं म्हणणाऱ्यांनी जुलैत पाणी तुंबलेला मिलन सबवे किंवा हिंदमाता परिसर पाहावा.

तरीही याच शहरात सेडानच्या बाजूने एक गोष्ट आहे, आणि शोरूममध्ये ती कोणी सांगत नाही. टॉवरमधल्या यांत्रिक पार्किंगमध्ये बरेच कप्पे सेडानच्या उंचीचे असतात. एसयूव्हीसाठी वेगळे, उंच कप्पे लागतात आणि ते मोजकेच असतात. गाडी घेऊन झाल्यावर ती वरच्या कप्प्यात मावत नाही हे कळणं फार महागात पडतं.

रस्ते सुधारले नाहीत असंही नाही. २०२४ च्या जानेवारीत २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आला, मार्चमध्ये सागरी किनारा मार्ग. पहिल्यावर वेगमर्यादा १००, दुसऱ्यावर सरळ भागात ८०. रस्ता गुळगुळीत, पण ताशी १०० ला साडेचार सेकंदांत पोहोचणाऱ्या गाडीचं तिथे करायचं काय? बीएमडब्ल्यूची एम३४०आय नेमकी अशी गाडी आहे. ती २०२१ मध्ये चेन्नईत जोडली जाऊ लागली आणि सुरुवातीची किंमत ६२.९ लाख होती. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला या जातीसाठीचा सर्वांत शहाणा निर्णय तोच, कारण जुळणी इथे झाल्यामुळे सहा सिलिंडरचं इंजिन कोटीच्या आत राहिलं. याउलट आयात होणारी मर्सिडीजची एएमजी सी६३ २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये १.९५ कोटींना आली, आणि आठ सिलिंडरांच्या जागी चार सिलिंडर व विजेची मोटर घेऊन आली. त्याच महिन्यातली नवी एम५ १.९९ कोटींची, तीही हायब्रिड.

पूर्ण विजेवर चालणाऱ्या सेडानने वेगाची मक्तेदारीच मोडली. बीवायडी सील मार्च २०२४ मध्ये ४१ लाखांपासून मिळू लागली, आणि तिचं वरचं रूप १०० चा टप्पा चार सेकंदांच्या आत गाठतं. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के. तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना राज्यात ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव मार्च २०२५ मध्ये आला आणि त्याच महिन्यात मागे घेतला गेला. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर त्यांना टोलही नाही.

बाजाराचा कल स्पष्ट आहे. २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांत युटिलिटी वाहनं सुमारे ६५ टक्के होती, आदल्या वर्षी ६०. परदेशातही हेच झालं. अमेरिकेतल्या एका मोठ्या उत्पादकाने २०१८ मध्येच सेडान बंद करायचं जाहीर केलं होतं. जग्वारने २०२४ मध्ये एक्सई आणि एक्सएफ या सेडानचं उत्पादन थांबवलं. पुढच्या वर्षी, २४ जुलै २०२५ ला, ब्रिटनशी व्यापार करार झाला. त्यात ठरावीक संख्येपुरतं गाड्यांवरचं सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर यायचं आहे. दार उघडलं तेव्हा ज्या सेडानसाठी मुंबईला ते हवं होतं, तिचं उत्पादनच बंद पडलं होतं.

उरलेल्या चाहत्यांना काय मिळतंय, हे एकाच गाडीच्या किमतीत वाचता येतं. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस लक्झरीच्या उंबरठ्यावरची, पण घरच्या माणसांना घेऊन वेगात जाणाऱ्यांची लाडकी. २०१७ मध्ये ती औरंगाबादेत जोडली जात होती, किंमत साधारण २५ लाख. २०२० मध्ये तयार आयात झाली: २०० गाड्या, ३६ लाख. २०२३ मध्ये उत्सर्जनाचे नियम कडक झाले आणि साधी ऑक्टाव्हियाही इथून गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरएस परत आली ती फक्त १०० नगांत, ४९.९९ लाखांना, आणि सगळ्या गेल्या. एका उत्पादकाला वर्षाला २,५०० गाड्या इथली चाचणी न करता आणायची मुभा २०१८ पासून आहे. शंभरच आणायच्या की हजार, हे आता उत्पादकाच्या हातात आहे.