लाल पिसं आणि आजार: हाउस फिंचमुळे काय काय कळलं

भडक रंगाचा पक्षी म्हणजे तब्येतीने ठणठणीत, असं पक्षी बघणाऱ्यांमध्ये सर्रास बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे, आणि कोणतं अर्धं ते कळायला शंभरावर वर्षं गेली.

डार्विनने 1871 मध्ये लिहिलं की नरांचे झगझगीत रंग माद्यांच्या निवडीतून आले. पण मादीला त्यातून मिळतं काय, हा प्रश्न लोंबकळतच राहिला. 1982 मध्ये विल्यम हॅमिल्टन आणि मार्लीन झुक या जीवशास्त्रज्ञांनी म्हटलं की रंग ही परजीवींशी झुंजण्याच्या ताकदीची खूण आहे, आजारी नराला तो रंग टिकवताच येत नाही. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, कारण त्यांच्या आकडेवारीत ज्या जातींच्या रक्तात परजीवी जास्त त्याच जाती जास्त रंगीत निघाल्या होत्या. हे उलटं वाटतं पण नाहीये, ज्या जातीला आजार फार सतावतो तिथेच निरोगी नर ओळखायची गरज जास्त, आणि मग एकाच जातीतले नर एकमेकांशी ताडून बघितले की जो जास्त रंगीत तो कमी आजारी असायला हवा.

हे तपासायला उत्तर अमेरिकेतला हाउस फिंच अगदी योग्य पक्षी. चिमणीएवढा, मादी तपकिरी रेघांची, नराचं डोकं आणि छाती कुठे पिवळी, कुठे केशरी, कुठे गडद लाल. हा रंग कॅरोटिनॉइडचा, म्हणजे गाजराला केशरी करतात त्या प्रकारच्या रंगद्रव्यांचा. पक्ष्याला तो स्वतः बनवता येत नाही, खाण्यातून घ्यावा लागतो, आणि लाल व्हायचं तर खाण्यातल्या पिवळ्या रंगद्रव्याचं शरीरात लाल करून घ्यावं लागतं. पक्षी-संशोधक जेफ्री हिल यांनी अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये रानातल्या नरांचे रंग मुद्दाम गडद-फिके करून सोडले. गडद केलेल्यांना जोडीदारीण लवकर मिळाली, हे 1991 मध्ये छापून आलं.

खरी परीक्षा मात्र कुणी आखलेली नव्हती. हा पक्षी मुळात पश्चिम अमेरिका आणि मेक्सिकोचा. न्यूयॉर्कमध्ये तो ‘हॉलिवूड फिंच’ म्हणून पिंजऱ्यात विकला जायचा, ही विक्री बेकायदा असल्याने 1940 च्या सुमारास विक्रेत्यांनी लाँग आयलंडवर पक्षी सोडून दिले आणि त्यांची पिल्लावळ सगळ्या पूर्व अमेरिकेत पसरली. मग 1994 च्या सुरुवातीला राजधानी वॉशिंग्टनच्या आसपास, लोकांनी दाण्यासाठी टांगलेल्या फीडरवर डोळे सुजून मिटलेले फिंच दिसायला लागले. जंतू निघाला मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम, म्हणजे कोंबड्यांना सीआरडी (श्वसनाचा रेंगाळणारा आजार) करणारा तोच, आपल्याकडचे पोल्ट्रीवाले त्याला चांगलेच ओळखतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी संशोधन केंद्राने घरोघरच्या लोकांकडून नोंदी मागवल्या म्हणून ही साथ कशी सरकली ते जवळजवळ महिन्यागणिक कळलं, आणि माझ्या मते या सगळ्यातलं सगळ्यात मोलाचं काम त्या साध्या लोकांचं. पूर्वेच्या बऱ्याच भागांत फिंच निम्म्यावर आले.

साथ अलाबामात पोचली तेव्हा हिल आणि त्यांचे सहकारी तिथे आधीपासूनच पक्षी पकडून, ओळखीसाठी पायात कडी घालून, रंग मोजून सोडत होते. 1998 मध्ये त्यांनी दाखवलं की साथीतून वाचलेले नर मेलेल्यांपेक्षा जास्त लाल होते. पुढे 2000 मध्ये उलट बाजूही तपासली गेली, पिसं बदलायच्या काळात नरांना मुद्दाम या जंतूची किंवा आतड्यातल्या कॉक्सिडिया या परजीवींची लागण केली तर नवी पिसं कमी लाल आली.

इथे एक गोष्ट लोक विसरतात. फिंच वर्षातून एकदाच, उन्हाळा सरताना पिसं बदलतो, आणि एकदा उगवलेलं पीस मेलेलंच असतं. त्यामुळे फेब्रुवारीत दिसणारा लाल रंग गेल्या शरदातली तब्येत सांगतो, आजची नाही. लालभडक नरही आज आजारी असू शकतो. आजारी पक्षी ओळखायचा तर डोळे, फुगवून धरलेली पिसं आणि सुस्ती बघा, आणि दाणे ठेवत असाल तर फीडर धुवा.

लालच का, पिवळा का नाही? 2016 मध्ये पिवळ्याचं लाल करणारं जनुक लाल कॅनरी आणि झीब्रा फिंच या पक्ष्यांमध्ये सापडलं. 2018 मध्ये अनेक जातींवरचे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा चित्र बरंच स्पष्ट झालं. ज्या पक्ष्यांना रंगद्रव्य शरीरात बदलावं लागतं त्यांच्यात रंग आणि तब्येतीचा संबंध दिसतो, आणि जे खाल्लेला पिवळा रंग तसाच पिसांत घालतात त्यांच्यात जवळजवळ दिसतच नाही. हिल यांच्या गटाचं म्हणणं की हा बदल पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांच्या, कामाशी जोडलेला आहे, आणि 2019 मध्ये पिसं बदलणाऱ्या फिंचच्या यकृतात, मायटोकाँड्रियामध्येच, त्यांना ती लाल द्रव्यं भरपूर सापडली.