नगररचनाकारांची जुनी कागदपत्रे आमच्याकडे देण्यापूर्वी

नगररचना खात्यात किंवा नगरपालिकेत नोकरी केलेल्या वडीलधाऱ्यांचे नकाशे, टिपणवह्या आणि पत्रव्यवहार जतनासाठी व स्कॅनिंगसाठी घेऊन बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील कुटुंबे आमच्याकडे येतात. सगळे कागद नीट लावून आणले असताना आम्हाला इतके दिवस का लागतात, असे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो.

वेळ लागतो तो कागद नव्याने लावले गेल्यामुळेच. घरची मंडळी मोठ्या आस्थेने गठ्ठे सोडतात, नकाशे एकीकडे, पत्रे दुसरीकडे आणि मराठी, इंग्रजी, कन्नड कागद वेगवेगळे करतात. आमच्याकडे आलेल्या एका संग्रहात एकाच ले-आऊटची (प्लॉट-रस्त्यांच्या आखणीची) तीन ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावर काढलेले नकाशे, होती आणि एकावरही तारीख नव्हती. रहिवाशांच्या हरकती आल्यावर रस्त्याची रुंदी पेन्सिलीने खोडून बदललेली होती, पण कोणत्या हरकतीवरून कोणता बदल झाला हे सांगणारा क्रम मोडला होता. शेवटी टाचण्यांच्या गंजाचे डाग आणि फायलीची भोके जुळवून आम्ही तो लावला आणि त्यात चार दिवस गेले.

आपल्या सीमाभागात तर भाषेप्रमाणे केलेली वाटणी विशेष घातक ठरते. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा, तर म्हैसूर राज्याचा नगर व ग्राम नियोजन कायदा १९६१ चा. त्यामुळे ज्यांची नोकरी या दोन्ही राजवटींत झाली, त्यांच्या एकाच फायलीत भाषा, शिक्के आणि कलमे बदलत जातात. भाषेप्रमाणे कागद वेगळे केले की त्या माणसाच्या कारकिर्दीचे दोन तुकडे होतात.

साध्या अधिकाऱ्याचे कागद कोण पाहणार, असेही काही जण म्हणतात. चंडीगडचे नाव निघाले की वास्तुविशारद ल कॉर्बुझिए आठवतात, पण त्यांच्या आधीचा आराखडा अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांचा होता आणि मेयर यांची भारतातील कामाची कागदपत्रे शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेली आहेत. कोणत्या टप्प्यावर कोणाचा हात होता, हे अशाच कागदांवरून कळते.

पानामागे दर लावणारी दुकाने आमच्यापेक्षा स्वस्त आहेत, हे आम्ही मान्य करतो. आम्ही मात्र आधी गठ्ठ्यांची जशीच्या तशी यादी करतो, प्रत्येक पानाला त्याच्या जागेचा क्रमांक देतो आणि मगच स्कॅनिंगला हात घालतो. ब्लू प्रिंट (निळ्या कागदावर पांढऱ्या रेषांची नक्कल) आणि अमोनिया प्रिंट (अमोनियाच्या वाफेने उमटवलेली नक्कल) आम्ही वेगवेगळ्या वेष्टनांत ठेवतो, कारण अमोनिया प्रिंटमुळे शेजारच्या कागदावर डाग पडतात. लॅमिनेशन कृपया करू नये. ते पुन्हा काढता येत नाही.

ट्रंक असेल तर ट्रंकेसकट, रुमालात बांधलेले दप्तर असेल तर गाठ न सोडता आणावे. हलवणे अवघड असल्यास आम्ही घरी येऊन पाहतो आणि त्या पहिल्या पाहणीचे पैसे घेत नाही.