ओपन सोर्स प्रोजेक्टमधे योगदान (बेळगाव सीमाभाग)

ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कुणालाही बघता, वापरता, बदलता आणि पुढं वाटता येतो अशा सॉफ्टवेअरमधे बाहेरच्या माणसानं घातलेली भर म्हणजे ओपन सोर्स योगदान. कोड लिहिणं हा त्यातला एकच भाग झाला, बग (प्रोग्राममधली चूक) नीट कळवणं, डॉक्युमेंटेशन सुधारणं, भाषांतर, टेस्टिंग, दुसऱ्यानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं हे पण त्यातच येतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बहुतेक पोरांना हा विषय इंजिनिअरिंगला गेल्यावर कळतो, तोही "रेझ्युमेला चांगलं दिसतंय, कर की" असा, आणि निम्मी गडबड तिथंच होते, कारण रेझ्युमेला लागणारं काम आणि प्रोजेक्टला लागणारं काम एकच असेल असं काही नाही.

थोडा इतिहास

रिचर्ड स्टॉलमननी १९८३ मधे ग्नू प्रोजेक्ट (सगळ्यांना मोकळी असलेली ऑपरेटिंग सिस्टीम करायचा) जाहीर केला, १९९१ मधे हेलसिंकीत शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्सनी लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) बाहेर काढलं, आणि 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ चं. कोडमधल्या बदलांचा हिशोब ठेवायला कर्नलवाले जे बिटकीपर वापरत होते त्याची फुकट परवानगी बंद झाल्यावर टोरवाल्ड्सनीच २००५ मधे त्याच कामासाठी गिट लिहिलं. २००८ मधे गिटहब ही गिटचे प्रोजेक्ट ठेवायची वेबसाइट आली आणि कुठल्याही प्रोजेक्टला बदल सुचवणं दोन-चार क्लिकवर आलं (२०१८ मधे मायक्रोसॉफ्टनं ते साडेसात अब्ज डॉलरला घेतलं). सोय झाली खरी, पण बदल पाठवणं जितकं सोपं झालं तितकं तो तपासणं सोपं झालं नाही, आणि आजची जवळपास सगळी भांडणं या एका गोष्टीतून निघतात.

मेंटेनर कोण असतो

प्रोजेक्टमधे काय घ्यायचं काय नाही हे ठरवणारा माणूस म्हणजे मेंटेनर. मोठ्या कंपनीचा पगारी माणूस असतो कधीकधी, पण पुष्कळ ठिकाणी नोकरी सांभाळून रात्री नायतर रविवारी बसणारा एखादाच. २०१४ मधे हार्टब्लीड नावाचा बग सापडला तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की इंटरनेटवरच्या कितीतरी वेबसाइट ज्या ओपनएसएसएलवर (नेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारा तयार कोड) उभ्या आहेत त्याच्यावर पूर्णवेळ काम करणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी पण नाहीत. त्यामुळं या सगळ्या व्यवहारात कमी काय आहे तर मेंटेनरचा वेळ. कोड कमी नाही, आयडिया तर अजिबातच कमी नाहीत. आदरानं वागायचं म्हणजे "रिस्पेक्टेड सर" लिहायचं असं आपल्याकडं वाटतं, पण तिकडच्या माणसाला त्या सरचं काही नसतं, तुमच्या एका मेसेजमुळं त्याची पंधरा मिनिटं वाचली की गेली एवढंच तो बघतो.

२०२४ च्या मार्चमधे उघडकीला आलेलं एक्सझेड (फाईल दाबून लहान करणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) प्रकरण इथं सांगायलाच पाहिजे. 'जिया टॅन' या नावानं कुणीतरी दोनेक वर्षं व्यवस्थित चांगलं काम करून विश्वास मिळवला, बाकीच्या काही खात्यांवरून थकलेल्या मूळ मेंटेनरवर "तुम्हाला जमत नाही, दुसऱ्याकडं द्या" असा दबाव टाकला गेला, आणि शेवटी त्या लायब्ररीत मागल्या दारानं आत शिरायची सोय करून ठेवली. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच (लांबच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून ते सापडलं. त्यानंतर नवीन माणसाकडं जरा संशयानं बघितलं जातं, जास्त प्रश्न विचारले जातात. ते मनाला लावून घेण्यात अर्थ नाही. आणि मेंटेनरला घाई करणारी कमेंट, ती कितीही सभ्य भाषेत असली तरी, आता वेगळीच वाटते हे पण लक्षात ठेवावं.

पहिलं पाऊल: बग नीट सांगणं

माझ्या मते सीमाभागातल्या माणसाला सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उपयोगी जागा हीच आहे, पण कुणी हिला योगदान धरतच नाही. समजा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीत इआरपीनेक्स्ट चालतंय (धंद्याचा हिशोब, माल सांभाळायचं सॉफ्टवेअर, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचं), आणि जॉबवर्कचं चलन प्रिंट करताना एक ओळ गळतीय. "चलन प्रिंट होत नाही, अर्जंट" एवढंच लिहिलं तर ते कुणी वाचून पुढं काही करू शकत नाही. व्हर्जन कुठलं, ब्राउझर कुठला, कुठल्या स्क्रीनवर काय काय दाबलं, काय यायला पाहिजे होतं, काय आलं, एरर मेसेज जसाच्या तसा (फोटो काढून नको, टेक्स्ट कॉपी करून), आणि एका ओळीच्या चलनाला होतंय की दहा ओळींच्याच, हे सगळं दिलं तर तिकडचा माणूस आपल्या मशीनवर तोच प्रकार करून बघू शकतो. बग त्याच्याकडं पुन्हा घडला की अर्धं काम झालंच. रिपोर्टमधे गिऱ्हाइकाचं नाव, जीएसटी नंबर, रेट असलं काही जाऊ देऊ नका, ती जागा, म्हणजे प्रोजेक्टची इश्यूंची (कळवलेल्या अडचणींची) यादी, सगळ्या जगाला दिसते.

आणि आधी शोधायचं. तोच बग कुणीतरी आधी टाकलेला असतो बऱ्याचदा, मग त्याच्याखाली "मला पण" लिहिण्यापेक्षा आपल्याकडं काय वेगळं दिसलं ते लिहावं, नायतर अंगठा दाबून गप्प बसावं.

सुरक्षेचा बग असेल तर मात्र उघड्यावर अजिबात टाकायचा नाही. सिक्युरिटी नावाची फाईल असते, तिथं कुठं गुपचूप कळवायचं ते लिहिलेलं असतं. हल्ली या वाटेनं पण एआयकडून लिहून घेतलेले खोटे रिपोर्ट यायला लागलेत, कर्लचे (नेटवरून डेटा आणायचं-पाठवायचं टूल) डॅनिअल स्टेनबर्ग २०२४ पासून त्याबद्दल जाहीरपणे लिहितायत. दिसायला रिपोर्ट एकदम भारी, आणि बग मुळात नसतोच. एआय वापरा नको वापरा हा प्रत्येक प्रोजेक्टचा नियम वेगळा, पण जे आपण स्वतः चालवून बघितलं नाही ते दुसऱ्याला बघायला पाठवायचं नाही.

कोड पाठवायची पद्धत

रीत साधारण अशी. प्रोजेक्टची आपली कॉपी म्हणजे फोर्क करायचा, ती आपल्या मशीनवर आणायची, वेगळी ब्रँच (मुख्य कोडला हात न लावता काम करायची फांदी) काढायची, बदल करायचा, टेस्ट चालवायच्या, कमिट करून (बदलाची नोंद करून) पुल रिक्वेस्ट (हा बदल घ्या अशी विनंती) टाकायची, मग रिव्ह्यू म्हणजे तपासणी होते, मग मर्ज म्हणजे बदल मूळ प्रोजेक्टमधे जातो. त्याआधी कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाईल आणि आचारसंहिता वाचायची, यात पाच मिनिटं जातात आणि पाच दिवस वाचतात. बऱ्याच प्रोजेक्टची आचारसंहिता कोरालाइन अॅडा एमकी यांनी २०१४ मधे लिहिलेल्या कॉन्ट्रिब्युटर कव्हनंटवरून घेतलेली असते, लिनक्स कर्नलनं पण ती २०१८ मधे घेतली.

एका पुल रिक्वेस्टमधे एकच गोष्ट. बग दुरुस्त करता करता शेजारच्या फाईलमधली स्पेसिंग पण नीट केली, दोन व्हेरिएबलची नावं आपल्याला आवडली नाहीत म्हणून बदलली, असं केलं की वाचणाऱ्याला खरा बदल सापडेना होतो. गल्लीतल्या गणपती मंडळात नवीन आलेलं पोरगं पहिल्याच वर्षी मांडव कुठल्या तोंडाला घालायचा यावर बोलत नाही, आधी खुर्च्या लावतं, वर्गणीला फिरतं, मग तिसऱ्या वर्षी लोक आपणहून विचारतात, तसंच आहे हे. मोठा बदल डोक्यात असेल तर आधी इश्यू उघडून "असं करू का" विचारायचं, नायतर पंधरा दिवस खपून लिहिलेलं काम "आम्हाला हे नकोच होतं" म्हणून परत येतं आणि त्यात चूक त्यांची नसते.

कमिट मेसेजची पहिली ओळ पन्नासेक अक्षरांची, खाली काय बदललं यापेक्षा का बदललं ते. कर्नलमधे तर पुल रिक्वेस्ट नसतेच, पॅच (काय बदललं तेवढाच कोडचा तुकडा) साध्या टेक्स्टच्या ईमेलनं जातो, कुणाला पाठवायचा ते सांगणारी स्क्रिप्ट कोडसोबतच असते, आणि सुधारून परत पाठवताना वर व्हर्जन दोन असं लिहून काय बदललं ते सांगायचं. उत्तर आलं नाही तर निदान आठवडाभर थांबायचं असं कर्नलच्याच कागदात लिहिलंय. मग एक आठवण, तीही त्याच जागी, मेंटेनरच्या लिंक्डइनवर नायतर पर्सनल ईमेलवर नाही.

"प्लीज असाइन मी सर" ही कमेंट आपल्याकडची खास. सोप्या इश्यूवर 'गुड फर्स्ट इश्यू' लेबल लागलं की तासाभरात त्याखाली अशा दहा-बारा कमेंटी, आणि त्यातल्या एकानंही प्रोजेक्ट मशीनवर चालवून बघितलेला नसतो. ज्याला दिलं तो परीक्षा आली की गायब. त्यापेक्षा "मी हे चालवून बघितलं, अमुक फाईलमधे तमुक ठिकाणी गडबड दिसतीय, असं दुरुस्त करायचा विचार आहे, चालेल का" एवढं लिहिलं तर बहुतेक वेळा असाइन करा म्हणायची गरजच पडत नाही.

टीशर्टचा किस्सा जुना पण सांगण्यासारखा. हॅक्टोबरफेस्ट २०१४ पासून चालू आहे, ऑक्टोबर महिन्यात ठराविक पुल रिक्वेस्ट टाकल्या की टीशर्ट मिळायचा. २०२० मधे लोकांनी रीडमी फाईलमधे (प्रोजेक्टची ओळख करून देणारी) 'ऑसम प्रोजेक्ट' छापाचे शब्द घालून इतक्या रिक्वेस्ट पाठवल्या की मेंटेनर वैतागले, आणि आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टनं होय म्हटलंय तिथलंच काम धरायचं असा. नंतर एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या रीडमीत पण नुसतं आपलं नाव घालणाऱ्या रिक्वेस्टांचा पूर आला, कारण शिकवणीच्या व्हिडिओत दाखवलेलं उदाहरण पोरांनी जसंच्या तसं खऱ्या प्रोजेक्टवर करून बघितलं. सराव करायचाय तर मित्रामित्रांत रिपॉझिटरी (प्रोजेक्टचा कोड ठेवायची जागा) काढून करा की.

कॉलेजच्या ईमेलवरून पाठवत असाल तर तुमच्यामागं कॉलेजचं नाव पण जातं. मिनेसोटा युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी अभ्यास म्हणून मुद्दाम खोट असलेले पॅच कर्नलला पाठवले होते, त्यावरून २०२१ मधे मेंटेनरनी त्या अख्ख्या युनिव्हर्सिटीचे पॅच घेणं थांबवलं, युनिव्हर्सिटीला माफी मागावी लागली.

भाषांतर, आणि सीमाभागाची जमेची बाजू

बेळगावात दुकानाची पाटी कन्नडमधे वाचायची, घरी मराठी बोलायचं, कॉलेजात इंग्रजीत लिहायचं हे रोजचंच. हे पुण्याच्या भाषांतरकाराकडं नसतं. फायरफॉक्ससाठी पाँटून आहे, वर्डप्रेसची स्वतःची भाषांतराची साइट आहे, विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीसाठी ट्रान्सलेटविकी, लिब्रेऑफिससाठी वेब्लेट, सगळीकडं ब्राउझरमधूनच काम होतं, कोड यायला लागत नाही.

पण मराठीत एक मोठी गोम आहे. इंग्रजी वाक्यात जिथं पर्सेंट एस (%s) असतं तिथं प्रोग्राम नंतर एखादं नाव घालतो, आणि मराठीत त्या नावाला प्रत्यय लागला की नावच बदलतं. निपाणीला म्हणताना काही होत नाही, पण 'कोल्हा'चं 'कोल्ह्याला' होतं आणि 'आंबा' नावाच्या फोल्डरचं 'आंब्यामधे', ते प्रोग्रामला कुठून कळणार. मग वाक्यच फिरवायला लागतं, 'या फोल्डरमधे: आंबा' असं. लिंगाचं पण तेच, पाठवला, पाठवली की पाठवलं हे काय पाठवलं त्यावर, आणि इंग्रजी वाक्यात नुसतं सेंट. अशा वेळी अंदाजानं ठोकून देण्यापेक्षा डेव्हलपरला विचारावं की इथं काय येतं, त्यासाठी कोडमधे एक ओळीची टीप घालायला सांगावं, ती टीप मग कन्नड, हिंदी, तेलुगू सगळ्यांच्या कामाला येते. आणि ते पर्सेंट एस चुकून पुसलं किंवा मधे स्पेस पडली तर कधी कधी प्रोग्रामच बंद पडतो, म्हणून सेव्ह करण्याआधी एकदा बघावं.

आधीच्या भाषांतरकारांनी ठरवलेले शब्द न आवडले तरी एकट्यानं बदलायचे नाहीत. 'फाईल' ठेवायचं का 'धारिका' यावर माझं मत फाईलच, पण ते चर्चेत मांडायचं, रातोरात दोनशे ओळी बदलून नाही.

फाँटचे बग पण आपणच सांगायला पाहिजेत. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' मधला तो वाकडा र, कुठल्या तरी अॅपमधे वेगळाच दिसतो, हिंदीवाल्याला त्यात काही चुकलंय हे समजणारच नाही कारण त्याच्या भाषेत तो लागत नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमधे २००८ ला आलं, जुन्या फाँटात तिथं चौकोन दिसतो. असा बग टाकताना कसं दिसायला पाहिजे आणि कसं दिसतंय याचे दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी द्यावेत, मराठी न येणाऱ्या माणसाला ते दुरुस्त करायचंय.

नावांचा वाद

हे कोड नव्हे, पण ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणालाही भर घालता येणारा इंटरनेटवरचा नकाशा) सीमाभागातला माणूस हमखास इथंच अडकतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी, मराठी माणूस बेळगाव म्हणतो, आणि नकाशावर एकानं बदललं की दुसरा परत फिरवतो. ओपनस्ट्रीटमॅपचा नियम साधा आहे, मुख्य नावाच्या रकान्यात जागेवर जे चालतं, पाटीवर जे दिसतं ते, आणि प्रत्येक भाषेसाठी वेगळा रकाना आहेच, मराठीचा वेगळा, कन्नडचा वेगळा. मराठीच्या रकान्यात बेळगाव लिहिलं तर कुणी हरकत घेत नाही. मुख्य रकान्यावर रोज उलटापालट केली तर खातं ब्लॉक होतं आणि तुम्ही भरलेल्या बाकी चांगल्या कामाकडं पण लोक संशयानं बघतात. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो नकाशाच्या रकान्यात निकाली निघत नाही. खानापूर तालुक्यातल्या आपल्याला माहीत असलेल्या वाड्या, ओढे, देवळं दोन्ही भाषांच्या रकान्यात नीट भरली तर ते दहा वर्षं टिकतं.

कायद्याचं थोडं

पाठवलेला कोड आपलाच असला पाहिजे. नोकरीला असाल तर करारात बघा, कित्येक कंपन्या रिकाम्या वेळात लिहिलेल्या कोडवर पण हक्क सांगतात. कर्नलसारख्या प्रोजेक्टमधे प्रत्येक पॅचखाली साइन्ड ऑफ बाय म्हणून नाव लिहायला लागतं, हा कोड द्यायचा मला अधिकार आहे असा त्याचा अर्थ, ही पद्धत २००४ पासूनची. काही कंपन्यांच्या प्रोजेक्टमधे वेगळा करार सही करायला लागतो. इंटरनेटवर कुठूनतरी उचललेला तुकडा लायसन्स न बघता घातला तर नंतर तो काढताना सगळ्यांचा वेळ जातो.

नकार आला तर

येतोच. रिव्ह्यूमधे भाषा तुटक असते, "हे नको, असं कर" एवढीच, त्यात सर-मॅडम काही नसतं, आणि पहिल्यांदा वाचताना अंगावर आल्यासारखं वाटतं, पण बहुतेक वेळा ते कोडबद्दलच असतं. पटलं नाही तर एकदा कारण देऊन सांगावं, दुसऱ्यांदा तेच सांगू नये. शेवटचा उपाय फोर्क, म्हणजे आपला वेगळा प्रोजेक्ट काढायचा, लायसन्सनं तो हक्क सगळ्यांना दिलेलाच आहे, आणि ओपनऑफिसमधून २०१० मधे लिब्रेऑफिस असंच निघालं. पण तिथं एक मोठा गट होता, एकट्यानं फोर्क काढला तर उद्यापासून मेंटेनर तुम्हीच. अर्ध्यात सोडायची वेळ आली, प्लेसमेंट चालू झालं, बेंगळुरूला नोकरी लागली, तर गायब होण्यापेक्षा इश्यूवर "मला आता जमणार नाही, इथंपर्यंत झालंय, ब्रँच ही" असं लिहून मोकळं व्हायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते तिथून उचलता येतं.