व्हिडिओ कॉलवर आघाताचे उपचार होत नाहीत?

अपघात, स्फोट किंवा अत्याचाराचा मानसिक आघात झालेल्या माणसाने थेरपिस्टसमोरच बसायला हवं, व्हिडिओ कॉलवर उपयोग नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. या उपचाराच्या एका प्रमुख पद्धतीत मुख्य काम दोनच: आठवण टप्प्याटप्प्याने, तपशिलात सांगणं आणि टाळलेल्या जागी पुन्हा जाणं. अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेल्या चाचण्यांत व्हिडिओवरचे उपचार प्रत्यक्ष भेटीच्या तोडीचे ठरले. आणि लोकलच्या गर्दीत छाती धडधडणाऱ्याला थेरपिस्टला भेटायला पहिल्याच आठवड्यात दादर गाठायला लावलं, तर तो उपचारच सोडू शकतो.

खरी अडचण जागेची. वन रूम किचनमध्ये सासूबाई ओट्यापाशी असल्या की माणूस नेमका तोच प्रसंग गाळतो, आणि काम तिथेच अडतं. म्हणून 60 ते 90 मिनिटं घर रिकामं असेल अशी वेळ घ्या, इअरफोन लावा, मोबाइल हातात न धरता टेकवून ठेवा. सुरुवातीलाच आपण बसलोय तिथला पत्ता आणि जवळच्या एकाचा नंबर थेरपिस्टला द्या. आठवण सांगताना कॉल तुटला, तर माणूस त्या प्रसंगात एकटाच अडकतो. तेव्हा कोणी कोणाला साधा फोन करायचा, हे आधीच ठरवा.

त्रास देणारा घरातच असेल, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर मात्र प्रत्यक्षच भेटा. तातडीला सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो आधारासाठी आहे, पूर्ण उपचारासाठी नाही.