आज खटला कळतो का, आणि त्या दिवशी भान होतं का?

‘पोराचे पागलखान्याचे कागद आहेत ना साहेब, मंग सुटते ना तो?’ नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात वकिलांना हा प्रश्न नेहमीचा. पागलखाना म्हणजे मानकापूरकडचं प्रादेशिक मनोरुग्णालय. वर वर हा एकच प्रश्न दिसतो, पण त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात, आणि कधीकधी वकीलही त्यांची गल्लत करतात.

एक आजचा: आरोपी खटल्याला सामोरा जाण्याच्या अवस्थेत आहे का? दुसरा त्या दिवसाचा: आपण काय करतोय, ते चूक किंवा बेकायदा आहे, हे त्याला तेव्हा कळत होतं का? पहिला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ आणि ३६८ मध्ये येतो, दुसरा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाच्या कलम ८४ मध्ये.

आजचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. डॉक्टर समोर बसवून विचारतात: केस कशाची आहे? वर बसतात ते साहेब कोण? तुझा वकील काय करतो? गुन्हा कबूल केला तर काय होईल? ‘साहेब सजा देते, वकील माह्या बाजूनं बोलते’, एवढं उमगत असेल आणि वकिलाला आपली बाजू सांगता येत असेल तर बहुधा भागतं. नसेल तर खटला थांबतो, उपचार होतात, माणूस सुधारला की खटला पुन्हा सुरू. निर्दोष सुटण्याशी याचा काही संबंध नाही.

त्या दिवसाचा प्रश्न मात्र घाम काढतो. समजा, काटोलकडच्या एकाने जानेवारीत शेजाऱ्यावर कुऱ्हाड चालवली आणि डॉक्टरांपुढे तो आला ऑगस्टमध्ये. मधे तुरुंगात गोळ्या सुरू झाल्या, आता नीट बोलतो. डॉक्टरांना जानेवारीची ती सकाळ कागदांवरून आणि माणसांकडून जुळवावी लागते. आठवडाभर झोपला नव्हता का? शेजारी जेवणात विष कालवतो म्हणत होता का? वार केल्यावर तिथेच बसून राहिला, की कुऱ्हाड विहिरीत टाकून बसस्टँड गाठला? लपवालपवी दिसली की बचाव लंगडा पडतो. दह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच सांगितलं की घटनेच्या आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं बघायचं. सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर, पण दिवाणी दाव्यात लागतो तेवढाच पुरावा पुरतो, म्हणजे तसं असण्याची शक्यता जास्त दिसली की झालं. नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसालाही आपण काय करतोय हे पक्कं ठाऊक असू शकतं.

म्हणून उत्तरं उलटसुलट येतात. हा माणूस जानेवारीत भ्रमात असेल आणि आज खटल्याला ठीक असेल. दुसरा कुणी शुद्धीत वार करून तुरुंगात मनाने ढासळला असेल. आणि त्या दिवशी भान नव्हतं म्हणून कलम २२ खाली निर्दोष सुटला तरी लगेच घर नाही: कृत्य त्यानेच केलं का, हे निकालात लिहावं लागतं. केलं असेल तर त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायचं, की हमी घेऊन नातेवाइकांकडे द्यायचं, ते कोर्ट ठरवतं.

या दोन प्रश्नांवर कोर्टाला द्यायचा डॉक्टरी अहवाल लिहायचा कुणी? अमेरिकेत मानसोपचाराच्या प्रशिक्षणानंतर फॉरेन्सिक सायकियाट्रीची, म्हणजे कोर्टाच्या कामासाठीच्या मानसोपचारशास्त्राची, वर्षभराची फेलोशिप असते, आणि १९९४ पासून तिथलं मानसोपचारतज्ज्ञांना प्रमाणपत्र देणारं बोर्ड वेगळी परीक्षा घेतं. आपल्याकडे एमडी झालेला कोणताही मानसोपचारतज्ज्ञ कोर्टात मत देऊ शकतो. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत या विषयाचं वेगळं शिक्षण आहे. बाकी बरेच जण साक्षीच्या पिंजऱ्यात उलटतपासणी खाऊनच शिकतात. माझं मत विचाराल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने हा अहवाल लिहूच नये. तो पेशंटच्या शब्दावर विश्वास ठेवून चालतो. कोर्टासाठी तपासणाऱ्याने प्रत्येक शब्द पोलिसांच्या कागदांशी ताडून बघायचा, आणि ‘तू सांगशील ते कोर्टात जाईल’ हे आधीच बजावायचं.

पागलखान्याच्या त्या कागदांचं म्हणाल, तर आजच्या प्रश्नाला ते फारसे लागत नाहीत. त्यासाठी माणूसच समोर लागतो. त्या दिवसाच्या प्रश्नाला मात्र घटनेआधीच्या तारखेची एक जुनी चिठ्ठी, औषधाच्या दुकानाचं एक मळकं बिलसुद्धा कामाचं. घटनेनंतर काढून आणलेल्या सर्टिफिकेटची सरकारी वकील पहिल्या पाच मिनिटांत चिरफाड करतात.