ग्रासकटर चालू होत नाही? दुकानात आणण्याआधी एवढं बघा

गवत गुडघ्याला लागतं, माळ्यावरचा ग्रासकटर खाली येतो आणि दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी मशीन काही दाद देत नाही. गणपतीच्या तोंडावर अशी मशिनं आमच्याकडे रांगेनं येतात. उघडून बघावं तर बऱ्याच मशिनांत एकही पार्ट गेलेला नसतो. आंब्या-काजूची बेणणी आटपून मशीन ठेवलं, तेव्हाचंच पेट्रोल टाकीत पडून असतं.

आधी हँडलवरचा स्टॉप स्विच बघा. हसू नका, बंद स्विचवर दोरी ओढणारे दर वर्षी भेटतात. प्लगची टोपी घट्ट बसली आहे ना, तेही बघा.

मग पेट्रोल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा! पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात. टाकीतला फिल्टर तळाशीच लोळत असतो, म्हणजे इंजिनात नेमकं तेच जातं. टू-स्ट्रोक मशिनाला, म्हणजे ज्याच्या पेट्रोलातच ऑइल मिसळतात त्याला, यात आणखी धोका आहे: ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं, खालच्या पाण्यात नाही. असं मशीन चुकूनमाकून चालू झालंच, तर पिस्टन कोरडा फिरून इंजिन जाम होऊ शकतं. तो खर्च मोठा.

म्हणून टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. मध्ये रेघ दिसली, गढूळ वाटलं किंवा व्हार्निशसारखा आंबूस वास आला, तर ते वापरू नका. विहिरीजवळ किंवा पऱ्यात तर अजिबात ओतू नका.

ताजं पेट्रोल भरताना टू-स्ट्रोकला ऑइल मापानंच घाला. पुस्तिकेत २५:१ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. बाटलीच्या बुचानं अंदाजे ओतण्यापेक्षा औषधाचं माप बरं. फोर-स्ट्रोकला पेट्रोलात ऑइल मिसळायचं नाही, त्याचं ऑइल इंजिनात वेगळं असतं.

आता चालू करताना. रबरी बल्ब दाबत राहा, परतीच्या नळीतून पेट्रोल टाकीत जाताना दिसलं की पुरे. चोक लावून दोरी ओढा. मशीन एकदा खोकल्यासारखं भुरभुरलं की चोक काढायचा आणि मग ओढायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं: भुरभुरून बंद पडलं म्हणून चोक तसाच ठेवून ओढत राहतात आणि इंजिनात पेट्रोल तुंबतं.

तुंबलं असेल तर प्लग ओला निघेल. स्विच बंद करा, प्लगचं भोक खाली येईल असं मशीन धरून चार-सहा वेळा दोरी ओढा. आतलं पेट्रोल बाहेर उडतं, त्यामुळे हे उघड्यावर करा आणि जवळ विडी, चूल काही नको. फोर-स्ट्रोक मात्र उलटं करू नका. ते आडवं न पाडता, प्लग काढून थोडा वेळ उघडं ठेवलं तरी चालतं. प्लग पुसून, वाळवून परत बसवा. प्लग ठणठणीत कोरडा निघाला, तर पेट्रोल पोचतच नाही: नळी चिरली असेल किंवा फिल्टर चोंदला असेल. काळाकुट्ट आणि तेलकट निघाला, तर ऑइल जास्त झालंय किंवा एअर फिल्टर गवताच्या भुशानं भरलाय. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून लावा.

चालू होऊन थोड्या वेळानं बंद पडत असेल तर टाकीचं झाकण जरा सैल करून बघा. त्यानं चालत राहिलं, तर झाकणाचं हवेचं बारीक छिद्र बुजलंय. ते साफ करा आणि झाकण घट्ट लावूनच कामाला लागा. सायलेन्सरच्या तोंडातही बॅटरी मारून बघा. महिनोन्महिने पडून असलेल्या मशिनात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. ते तारेनं काढलं की काम झालं.

कार्बोरेटरचे (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाचे) एल आणि एच स्क्रू मात्र फिरवू नका. चुकीच्या बाजूला फिरले की इंजिनाला पेट्रोल-ऑइल कमी पडतं आणि ते तापून जातं. आतला रबरी पडदा कडक झाला असेल तर तो आम्ही बदलून देतो. कार्बोरेटर नवा घ्यायची गरज दर वेळी नसते.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि मगच माळ्यावर चढवा.

दुरुस्तीला आणताना टाकी रिकामी आणि पातं काढलेलं असावं. पेट्रोल असलेलं मशीन एसटीत घेत नाहीत. शेवटचं कधी चालवलं आणि ऑइल किती घातलं होतं, तेवढं चिठ्ठीवर लिहून बांधा. जमल्यास मे महिन्यात आणा, तेव्हा आमचा हात मोकळा असतो.